चार किलोबाइटची बदनामी

युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाची वेबसाइट उघडली की ती पाहुण्याला दारातच अडवते. आम्ही कुकीज वापरतो, त्यातल्या काही अत्यावश्यक, काही मोजमापाच्या, काही जाहिरातींच्या. आपल्याला कुठल्या चालतील? पाहुणा 'सगळ्या स्वीकारा' म्हणेपर्यंत मागचं पान धूसर राहतं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या वेबसाइटी इतक्या भिडस्त नसतात. उघडताक्षणी एक ओळ उजवीकडून डावीकडे धावत सुटते. चार वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाशेजारी लाल अक्षरांत 'नवीन' लुकलुकत असतं. कुलगुरूंचा फोटो येतो, तो सरकला की दुसऱ्या कार्यक्रमातला कुलगुरूंचाच फोटो येतो. तळाशी आजवर किती जण येऊन गेले त्याचा आकडा, आणि त्याखाली 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल' अशी सूचना. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी एक्स्प्लोररला निवृत्त केलं. आपल्याकडे तो अजून सेवेत आहे, मुदतवाढीवर.

कुकीबद्दल मात्र या पानावर चकार शब्द नसतो.

सोलापूरच्या विद्यार्थ्याला त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्याच्या डोक्यात वेगळी चिंता असते: पान उघडेल का? विद्यापीठाकडे जाणारी त्याची वाट मुळात लांबची होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ सुरू होण्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि गुणपत्रिकेत नावाची वेलांटी चुकली तरी कोल्हापूर गाठावं लागे. मग एका जिल्ह्यापुरतं का होईना, स्वतःचं विद्यापीठ मिळालं. २०१९मध्ये त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. वेलांटी आता पुणे रस्त्यावरच्या केगावात सुटू लागली. पुढे कामं ऑनलाइन गेली. राज्यातल्या इतर काही विद्यापीठांप्रमाणे सोलापूरची वेबसाइटही एमकेसीएल या कंपनीच्या 'डिजिटल युनिव्हर्सिटी' यंत्रणेवर आली आणि विद्यार्थ्याच्या कपाळी सोळा आकडी पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, लिहिला गेला. तेव्हापासून वारी ना कोल्हापूरची ना केगावची. ती कॉलेजसमोरच्या 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म' या पाटीखाली येऊन थांबते.

या दुकानात बसलं की कुकी म्हणजे काय हे लवकर कळतं.

वेबचा मूळ स्वभाव विसराळू आहे. परीक्षा विभागाच्या खिडकीत असा कारकून बसलाय अशी कल्पना करावी, की जो प्रत्येक वाक्यानंतर मान वर करून 'आपण कोण?' असं नव्याने विचारतो. (सोलापूरच काय, कुठल्याही गावच्या विद्यार्थ्याला ही कल्पना करायला फार त्रास पडू नये.) १९९४मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने त्यावर तोड काढली. कारकुनाने पहिल्या भेटीत एक चिठ्ठी लिहायची, ती विद्यार्थ्याच्याच खिशात ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक वेळी दाखवायला लावायची. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. नेटस्केपने तिचा पहिला उपयोग केला तो पाहुणा आपल्याकडे आधी येऊन गेलाय का, एवढंच बघायला. चिठ्ठीचा आकार साधारण चार किलोबाइटपर्यंत. वेबवरच्या नेहमीच्या युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मराठीत लिहायचं म्हटलं तर तेराशे-चौदाशे चिन्हांत कारभार आटोपायचा. विद्यापीठाचं एखादं परिपत्रक एवढ्या जागेत 'संदर्भ क्र. १ ते ७'च्या पुढेही सरकणार नाही.

परीक्षेचा अर्ज भरताना विद्यार्थी लॉगइन करतो तेव्हा अशीच एक चिठ्ठी त्याच्या ब्राउझरमध्ये जाते. तिच्यावर नाव नसतं, जात नसते, टक्केवारी नसते. एक लांबलचक क्रमांक असतो. तो जिवंत आहे तोवर सर्व्हर विद्यार्थ्याला ओळखतो. क्रमांकाची वेळ संपली की पडद्यावर 'सेशन एक्स्पायर्ड' उमटतं. ही वेळ नेमकी कधी संपते, याचा अनुभव सर्वांना सारखाच आहे: फोटो पन्नास केबीच्या आत बसवण्यासाठी तो चौथ्यांदा कापून झालेला असतो, सही वीस केबीत आलेली असते, आणि बोट 'सबमिट'वर टेकलेलं असतं तेव्हा.

ही झाली कामाची कुकी. तिच्याविना अर्ज भरताच येणार नाही आणि युरोपातला कायदासुद्धा तिच्यासाठी परवानगी मागायला सांगत नाही.

दुसरी जात मोजणाऱ्या कुकींची. वेबसाइटवर किती लोक आले, कुठून आले, कोणतं पान पाहून निघून गेले, हे कळावं म्हणून जगभरच्या संस्था गूगल अॅनालिटिक्ससारखी यंत्रणा बसवतात. २००५पासून ती चालू आहे आणि फुकट आहे, त्यामुळे ती कोणी बसवली हे ऑफिसात कोणाला आठवत नाही. तिची मुख्य कुकी ब्राउझरमध्ये दोन वर्षं मुक्काम करू शकते. एम.ए.ला प्रवेश घेताना आलेली कुकी पदवी हातात पडेपर्यंत सोबत राहते, इतकी साथ वर्गमित्रही देत नाहीत. फोन कोणत्या कंपनीचा, पडदा केवढा, ब्राउझर कुठला, भाषा कोणती, हेही या यंत्रणेला कळतं. शहराचा ती अंदाज करते, आणि तिथे गंमत होते. मोबाइल कंपन्यांचं इंटरनेट मोठ्या शहरांतल्या केंद्रांतून बाहेर पडत असल्याने जुळे सोलापुरातल्या गच्चीवर बसलेला मुलगा अहवालात पुण्याचा किंवा मुंबईचा दिसू शकतो. नोकरीसाठी पुण्याला जावं लागतं ही सोलापूरच्या तरुणांची जुनी तक्रार. इथे तर हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीटही न काढता ते पोचलेले असतात.

वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या सर्व्हरची नोंदवही तर कुकीशिवायही भरत असते: कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणतं पान. या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, असं सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत सांगून ठेवलंय. म्हणजे निकालाच्या रात्री दोन वाजता एकच पान एकाहत्तर वेळा 'रिफ्रेश' करणाऱ्या विद्यार्थ्याच्या काळजीची शासनमान्य नोंद सहा महिने टिकते.

तिसरी जात जाहिरातवाल्यांची, आणि बदनामी झाली ती हिच्यामुळे. ही चिठ्ठी वेबसाइटची नसते. वेबसाइटने आपल्या पानात ज्या त्रयस्थ कंपनीला ओसरीवर जागा दिलेली असते, तिची असते. घरातल्या मुलीने इंग्लंडमधल्या एखाद्या विद्यापीठाचं शुल्क सहज म्हणून पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून तिच्या फोनवर 'आयईएल्टीएसशिवाय इंग्लंड' सुरू होतं. क्रिकेटचा स्कोअर बघावा तर वर व्हिसा, भाकरीची कृती बघावी तर खाली शिष्यवृत्ती. घरातल्या एकाच वायफायवरून हे चाललेलं असलं तर जाहिराती वडिलांच्या फोनपर्यंतही पोचू शकतात, आणि ज्या बातमीसाठी मुलगी योग्य वेळ शोधत असते ती बातमी तिच्याआधी पडद्यावर येते.

या त्रयस्थ कुकींना अॅपलच्या सफारीने २०२०मध्ये सरसकट दार बंद केलं. गूगलनेही त्याच वर्षी जानेवारीत जाहीर केलं, की दोन वर्षांत क्रोममधून त्या हद्दपार करू. मग तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. जुलै २०२४मध्ये कंपनीने सांगितलं, की विचार बदलला, राहू द्या. परीक्षेचं सुधारित वेळापत्रक, सुधारित वेळापत्रकाचं शुद्धिपत्रक आणि शेवटी 'पूर्वीचेच वेळापत्रक कायम' हे सगळं पाहिलेल्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला यात काहीही नवं वाटलं नाही.

परदेशात या प्रकरणावरून दंड बसलेत. युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी सांगितलं, की चौकटीत आधीच टिकमार्क करून ठेवलेली संमती ही संमती नव्हेच. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड ठोठावला. कारण काय, तर कुकी स्वीकारायला एक क्लिक पुरत होती आणि नाकारायला अनेक लागत होत्या. आपल्या विद्यापीठांत प्रवेश घ्यायला किती क्लिक लागतात आणि तो रद्द करून शुल्क परत घ्यायला किती खेटे लागतात, हे त्या नियामकाला कोणी सांगू नये. त्याचा आकडेमोडीवरचा विश्वास उडेल.

आता पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात यावं, कारण खरी माहिती तिथे वाहते. परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज, पदवी प्रमाणपत्र, सगळं एका कॉम्प्युटरवर. विद्यार्थ्याला ई-मेल पत्ता आठवत नसतो आणि मोबाइलचं रिचार्ज संपलेलं असतं, म्हणून दुकानदार सवयीने स्वतःचा नंबर टाकतो. मग असा संवाद ऐकू येतो:

"अण्णा, ओटीपी आला का?"

"कुणाचा बे? सकाळपासनं चौदा आल्यात."

पुढे तीन वर्षं विद्यापीठाचा प्रत्येक संदेश अण्णांना जातो. कोणाचं हॉलतिकीट निघालं, कोणाचा विषय राहिला, कोणाची शिष्यवृत्ती त्रुटीत अडकली, हे त्यांना विद्यार्थ्याच्या आईवडिलांआधी ठाऊक असतं. गूगलने कितीही कुकी पेरल्या तरी 'तुझं मॅथ्स-थ्री निघालं काय बे?' असं चहाच्या टपरीवर विचारायची सोय त्या कंपनीकडे नाही.

शिवाय कॉम्प्युटर सामाईक. आधीची मुलगी घाईने उठली, लॉगआउट केलंच नाही. कामाची कुकी इमानी. तिला वाटतं मुलगी अजून खुर्चीतच आहे. पुढचा मुलगा पान उघडतो तर समोर तिचा फोटो, जन्मतारीख, पत्ता आणि तिसऱ्या सेमिस्टरचे गुण. यात कोणी काही चोरलेलं नसतं. चार किलोबाइटच्या चिठ्ठीने फक्त आपलं काम चोख केलेलं असतं.

सरकारला या दुकानांची कल्पना नाही असं मुळीच नाही. सायबर कॅफेसाठी २०११मध्ये केंद्राने नियम केलेत. येणाऱ्याचं ओळखपत्र पाहावं, नोंदवही किमान एक वर्ष जपावी, कोणकोणत्या वेबसाइट उघडल्या त्याचीही वर्षभराची नोंद ठेवावी, आणि दोन कॉम्प्युटरांमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नसावा. हा शेवटचा नियम सोलापुरात सर्वत्र पाळला जातो, कारण आडोसाच नसतो. मागे रांगेत उभे असलेले सहाजण विद्यार्थ्याचं वार्षिक उत्पन्न मोठ्याने वाचत असतात आणि एखादा 'एवढं दाखवू नको, फॉर्म रिजेक्ट होतंय' असा सल्लाही देतो.

आणि मग निकाल. राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहायला दोन गोष्टी लागतात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. आईचं नाव ही गुप्त किल्ली. ज्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत आई वीस वर्षं राहते, जिथे तिला सकाळ-संध्याकाळ नावाने हाक मारली जाते, तिथे ही किल्ली फक्त विद्यार्थ्याकडे आहे असं मंडळाने धरलेलं असतं. बैठक क्रमांक तर शेजारच्या काकूंनी परीक्षेच्या आधीच 'देवापाशी ठेवायला' म्हणून लिहून घेतलेला असतो. म्हणून निकाल लागतो तेव्हा पेढे मागायला काकू आधी येतात आणि गुण विद्यार्थ्याला त्यांच्याकडून कळतात. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर राज्य शासनाने नावामागोमाग आईचं नाव बंधनकारक केलंय. निर्णय उत्तमच. फक्त ही मुलं २०४२च्या सुमारास बारावीला बसतील, तेव्हा त्यांची गुप्त किल्ली त्यांच्या नावाच्या पाटीवर लिहिलेली असेल.

बदनामीचा याहून मोठा धनी म्हणजे पीडीएफ. कुकीला निदान मुदत असते. पीडीएफला मरण नाही. गुणवत्ता यादी, पात्र-अपात्र यादी, शिष्यवृत्तीच्या लाभार्थींची यादी, मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी. नाव, प्रवर्ग, जन्मतारीख, गुण, काही वेळा मोबाइल नंबरसुद्धा. ही यादी देशभरातल्या संस्था पारदर्शकतेच्या उत्साहात वेबसाइटवर चढवतात, प्रवेश संपतात, मुलं नोकरीला लागतात, त्यांची लग्नं होतात आणि यादी जागच्या जागी असते. २०१७मध्ये आधार प्राधिकरणाने माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना मान्य केलं होतं, की केंद्र आणि राज्य सरकारांच्या, त्यात शैक्षणिक संस्थांच्याही, सुमारे २१० वेबसाइटींवर लाभार्थींची नावं-पत्ते आधार क्रमांकांसह उघड्यावर होते. नंतर ते काढले. कुकीला इतकी मजल मारायला आयुष्य पुरलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथला चोर सही-शिक्क्यानिशी प्रसिद्ध होतो.

एवढं सगळं चालू असताना त्याच वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत 'गोपनीयता धोरण' असतं. शासकीय छापाच्या या धोरणांत साधारण एकच मजकूर फिरत असतो: ही वेबसाइट तुमची ओळख पटेल अशी माहिती आपोआप गोळा करीत नाही. हे खरंच आहे. आपोआप करीत नाही. अर्ज भरायला लावून करते. काही ठिकाणी हा मजकूर इतक्या निष्ठेने उतरवलेला असतो, की मधल्या एका वाक्यात मूळ खात्याचंच नाव राहून गेलेलं सापडतं.

तो वाचतं कोण, हा प्रश्न जगभर पडलेला आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी २००८मध्ये हिशेब मांडला, की माणसाने भेट दिलेल्या प्रत्येक वेबसाइटचं धोरण नीट वाचायचं ठरवलं तर वर्षाला दोनशेहून अधिक तास लागतील. एवढ्या तासांत एक सेमिस्टर निघतं. २०१०मध्ये ब्रिटनमधल्या गेमस्टेशन या दुकानाने एक एप्रिलचा मुहूर्त साधून आपल्या अटींत 'ग्राहकाचा अमर आत्मा आमच्या मालकीचा' असं कलम घातलं. साडेसात हजार लोकांनी आत्मे देऊन टाकले. सोलापूरच्या विद्यार्थ्याला हसू येण्याचं कारण नाही. परीक्षा अर्जाच्या शेवटी 'वरील सर्व नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत' या चौकटीत त्याचंही बोट गेलेलंच असतं, आणि तेही अण्णांचं बोट.

कायदा आपल्याकडेही आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं. ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती कशासाठी घेतो ते सांगा, काम संपलं की ती पुसा, फुटली तर कळवा, असा त्याचा गाभा. पाळला नाही तर संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. खोटी किंवा उगाच तक्रार करणाऱ्या नागरिकालाही दहा हजारांपर्यंत दंड आहे, म्हणजे समतोल राखलेला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी आहे. शैक्षणिक संस्थांना शिक्षण आणि मुलांची सुरक्षितता एवढ्यापुरती सूट. सरकारी सवलती आणि प्रमाणपत्रं देताना शासकीय यंत्रणांना दरवेळी संमती घ्यावी लागणार नाही, पण माहिती सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावरही राहते.

याच कायद्यातली एक तरतूद सोलापूरने आपल्या नावावर करून घ्यावी अशी आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यायचा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू: सोलापूरच्या रस्त्यावर एकाच वाक्यात ऐकू येणाऱ्या चारही भाषा त्या यादीत बसतात. अक्कलकोटच्या मुलीने कन्नडमध्ये, शहराच्या पूर्वभागातल्या पद्मशाली घरातल्या मुलाने तेलुगूत आणि मंगळवेढ्याच्या मुलाने मराठीत 'माझ्या वडिलांचं उत्पन्न तुम्हाला कशाला हवंय?' असं विचारलं, तर उत्तर त्यांच्या भाषेत मिळायला हवं.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर कॉलेजांनी जुन्या याद्या उतरवायला घ्याव्यात, निदान जन्मतारखा आणि मोबाइल नंबर तरी झाकावेत. विद्यार्थ्यांनी अर्जात नंबर स्वतःचा घालावा, अण्णांचा नव्हे. आणि खुर्चीतून उठताना लॉगआउट करावं. मागे उभे असलेले सहाजण तेवढ्यासाठी थांबतील.